रुहीशेजारी बसलेल्या बाई

२१ सप्टेंबर, रविवार

रुही आली. विमान दीड तास उशिरा, त्यातून तिची बॅग मधल्याच कुठल्यातरी विमानतळावर राहिली. मला वाटलं होतं, दिसलो की धावत येईल. ती माझ्या समोरून निघून गेली आणि मीही तिला ओळखलं नाही. शैलजाने हाक मारली तेव्हा वळली. केस पोरांसारखे बारीक कापलेत, गालफडं वर आलीत. शैलजा नुसता तिचा दंड चाचपत राहिली.

गाडीत विचारलं, "कशी आहेस गं?" तर म्हणे, "टायर्ड, बाबा." सात महिन्यांनी आलेली मुलगी, आणि एका शब्दात आटोपलं.

घरी आल्यावर मी गाडी नेहमीसारखी ड्राइव्हवेत घातली. रुहीबाईसाहेबांनी किल्ली मागून घेतली, गाडी बाहेर काढली आणि तोंड रस्त्याकडे करून उलटी लावली. का, तर पटकन निघायची वेळ आली तर रिव्हर्स घेण्यात वेळ जातो. मॉरिसव्हिलमध्ये कोणावर अशी वेळ येणार आहे? इथे लोक कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचीसुद्धा घाई करत नाहीत.

मी लिहीत बसलेला पाहून म्हणाली, "मी कुठल्या देशात असते ते नाव डायरीत नको लिहूस. गावांची तर नकोच." म्हटलं, माझी डायरी तुझी आई वाचत नाही, दुसरं कोण वाचणार? "जस्ट डोन्ट, बाबा." बरं, नाही लिहीत. तीस वर्षं नॉर्थ कॅरोलिनातले पूल तपासले, रोज फील्ड-बुक भरली. रिटायर झालो तरी ती सवय सुटत नाही म्हणून ही डायरी. आता तिलाही मुलीचे नियम.

तर त्या देशात सहा वर्षं आपसात लढाई चालली. करार होऊन दोन वर्षं झाली. तिथे शांतिसेना आहे आणि तिच्याबरोबर रुहीसारखे मानवी हक्कांचे अधिकारी. हिच्या हातात बंदूक नसते, वही असते. गावोगाव जायचं, लोकांजवळ बसायचं, कोणाला कोणी उचलून नेलं ते लिहून घ्यायचं आणि वर पाठवायचं. आता तीन आठवडे रजा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

झोपते. उठते, आमटी-भात खाते, परत झोपते. पाणी उकळून बाटल्या भरून कोठीच्या कपाटात ठेवल्यात. मोजल्या, अकरा निघाल्या. शैलजा म्हणते, राहू दे, तू काही बोलू नकोस.

नरेंद्रचा फोन. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा हा संपादक. एरवी रिटायर्ड केमिस्ट, पण अंक निघायच्या दिवसांत आवाज एकदम वर्तमानपत्राच्या कचेरीतला. "पुरुषोत्तम, 'आपली माणसं' सदराला दोन पानं दे. रुहीवर. फोटोसकट. यंदा अंक दसऱ्याला वेबसाइटवर टाकायचाय, वेळ नाही यार."

कबूल केलं. इथे लिहूनच ठेवतो, मला खूप बरं वाटलं. इतकी वर्षं मंडळात कोणी विचारलं, रुही काय करते, की मी सांगायला लागतो. दुसऱ्या वाक्याला समोरचा म्हणतो, "अच्छा, सोशल वर्क," आणि हातातल्या भेळेकडे वळतो. इतरांची मुलं कार्डिऑलॉजिस्ट होतात तेव्हा कोणी असं 'अच्छा' म्हणत नाही. मला ते लागतं. पंधरा वर्षं लागतंय.

रुहीला सांगायचं नाही असं ठरलं. सरप्राइज.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज आपणहून म्हणाली, चल बाबा, फिरून येऊ. तळ्याला एक फेरी मारली. अर्ध्यावर आलो. मग विचारते, "तू पुलांवर क्रॅक्स लिहायचास. देन व्हॉट?"

"मग दोन वर्षांनी परत जायचं आणि तीच भेग मोजायची."

"वाढलेली असायची?"

"बहुतेक वेळा."

"आणि मग?"

"मग परत लिहायचं."

हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, "सेम जॉब. फक्त माझे पूल मला जेवल्याशिवाय सोडत नाहीत."

मग तिला हेवूड काउंटीतल्या पुलाची गोष्ट सांगितली. खांबाखालची माती वाहून गेली होती, मी हट्टाने पूल बंद करायला लावला. अकरा मैलांचा वळसा पडला म्हणून लोकांनी मला वर्षभर शिव्या घातल्या. त्यानंतरच्या पुरात तो पूल गेला, वर कोणी नव्हतं. तीस वर्षांत तो एक. रुहीने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "एक तरी मिळायला हवा ना. मला नोव्हेंबरमध्ये मिळेल, मेबी." काय मिळेल ते विचारलं तर म्हणाली, चल, आई वाट बघत असेल.

माझे पाय भरून आलेत. पण बरं वाटतंय.

२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी शैलजा ओट्याशी गवार मोडत होती. रुही शेजारी जाऊन बसली आणि न सांगता मोडायला लागली, झरझर, दोन्ही हातांनी. शैलजा म्हणाली, हे कुठे शिकलीस? तेव्हा बोलली. मी इकडे टेबलाशी टॅब्लेट घेऊन बसलो होतो, पण कान तिकडे.

तिथल्या एका गावात एक बाई आहेत. रुही गेली की आधी शेंगांची परडी पुढे ठेवतात. हात कामात असले की त्यांना बोलता येतं, नाहीतर येत नाही. चार खेपा नुसत्या शेंगा सोलण्यात गेल्या. पाचव्या खेपेला सांगितलं. दोन मुलगे, एक वीसचा, एक सतराचा. लढाईच्या शेवटच्या वर्षी ट्रक आला, एक माणूस यादी घेऊन उभा होता, नावं वाचत होता. गावातली तेरा पोरं नेली, त्यात ही दोन. बाकीच्यांच्या आयांना घरात कोंडलं होतं. या बाई विहिरीवर गेल्या होत्या, म्हणून त्यांनी त्या माणसाचा चेहरा पाहिला. त्या एकट्यांनी. करार झाला आणि तो यादीवाला आता त्या जिल्ह्याचा उपप्रमुख होणार आहे. नोव्हेंबरमध्ये चौकशी आयोगापुढे बाई साक्ष देणार आहेत, पडद्याआडून.

शैलजाने विचारलं, कशा दिसतात गं? रुहीने फोन काढून दाखवला. दोघी बाकावर बसल्यात, मध्ये परडी, बाई कॅमेऱ्याकडे सरळ बघतायत. "आय शुडन्ट हॅव धिस," म्हणाली. "पण त्याच मागे लागल्या. मुलांचा एक फोटो नाही त्यांच्याकडे, घर जाळलं त्यात गेले. म्हणाल्या, तुझ्याबरोबरचा तरी एक असू दे. प्रिंट करून नेणार आहे."

नियमात बसत नाही म्हणे फोटो. यांचे नियम काय विचारता, गाडीत पाण्याच्या बाटल्या किती हेसुद्धा लिहिलेलं असतं.

दुपारी टीव्हीवर घरचा अल्बम फिरत होता. आमच्या तिघांच्या फोनमधले फोटो आपोआप त्यात येतात, दोन वर्षांपूर्वी मीच जोडून दिलं होतं, शैलजाला मुलगी दिसत राहावी म्हणून. बॅकयार्डातल्या टोमॅटोंच्या मागोमाग तो फोटो आला. रुहीचा इतका चांगला फोटो मी दुसरा पाहिलेला नाही. तिचा एक हात परडीत आहे आणि ती बाईंकडे बघतेय.

३० सप्टेंबर, मंगळवार

लेख झाला, टीव्हीच्या अल्बममधला तो फोटोही जोडला. चार वेळा लिहिला, चार वेळा फाडला. शीर्षक: 'वही घेऊन फिरणारी मुलगी'. देशाचं नाव घातलं नाही, गावाचं नाही, बाईंचं तर मला माहीतच नाही. शब्द दिला तो पाळला. शेवटचा भाग उतरवून ठेवतो, मला तो जमलाय असं वाटतं:

"फोटोत रुहीशेजारी बसलेल्या या बाईंचे दोन तरुण मुलगे एके दिवशी ट्रकमधून नेले गेले. नेणाऱ्याचा चेहरा यांनी पाहिला आहे. आजवर जे कोणालाच सांगितलं नाही ते यांनी आमच्या रुहीला सांगितलं, आणि लवकरच त्या ते सगळ्या जगाला सांगणार आहेत. कोणी विचारतात, तुमची मुलगी नक्की करते काय? ती हे करते."

नरेंद्र म्हणाला, पुरुषोत्तम, डोळ्यांत पाणी आणलंस. मंडळाची वेबसाइट सांभाळतो तो प्रथमेश. नागपूरचा मुलगा, व्हिसावर आलाय, गुणी आहे. त्याने इंग्लिश भाषांतरही केलं, म्हणजे इथल्या पोरांना वाचता येईल. "काका, भारी झालंय. माझ्या टीममध्ये त्याच देशातला एक जण आहे ना, रुहीताई तिथे असतात हे मला तुम्हीच मागे सांगितलं होतं. त्यालाही पाठवतो."

म्हटलं, पाठव की.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. अंक वेबसाइटवर आला. फोटो छान दिसतोय.

रुही दिवसभर लायब्ररीत. घरी येऊन फोनवर बोलत होती, "हाउ इज फोर्टीन? डझ शी हॅव द सेकंड फोन?" त्यांच्यात माणसांना नंबरने बोलवतात वाटतं. कैद्यांसारखं काय ते.

४ ऑक्टोबर, शनिवार

लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

शाळेच्या ऑडिटोरियममध्ये मंडळाचा दसरा-दिवाळी कार्यक्रम होता. इथे सण हॉल मिळेल त्या तारखेला येतात. रुहीला यायचं नव्हतं. शैलजाने गळ घातली तेव्हा आईचा कुर्ता घालून आली, दाराजवळच्या खुर्चीवर बसली. चारशे माणूस. नाट्यप्रवेश, लेझीम, मग अंकाचं प्रकाशन. नरेंद्र माईकवर आला आणि मागच्या पडद्यावर तो फोटो, भिंतीएवढा. त्याने माझा शेवटचा भाग वाचला.  मग टाळ्या, लोक उभे राहिले. मी उभं राहून सगळ्यांचे चेहरे बघत होतो. कोणी 'अच्छा' म्हटलं नाही. रुहीकडे बघायचं राहिलं.

बघितलं तेव्हा ती खुर्चीत नव्हती. स्टेजच्या कडेला प्रथमेशच्या लॅपटॉपजवळ उभी होती. मग तीच माझ्याकडे आली.

"हे ऑनलाइन कधी गेलं?"

"गुरुवारी. आवडलं का?"

"कोणाकोणाला पाठवलं?"

म्हटलं, अगं, सगळ्यांना. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मी बोलतोय ती भाषा तिला येत नसावी तशी. मग बाहेर गेली आणि जेवणं संपेपर्यंत गाडीत बसून फोनवर होती. श्रीखंड-पुरीचं ताट घेऊन गेलो तर काच खाली केली नाही. आत येऊन मला चारचौघांना सांगावं लागलं की तिला लाजल्यासारखं झालंय.

एवढं कौतुक झालं, आणि माझ्या मुलीला पाच मिनिटं आत बसवलं नाही. मला वाईट वाटलं. शैलजा येताना गाडीत मागे तिच्याजवळ बसली, ती पण तिच्याच बाजूची.

५ ऑक्टोबर, रविवार

आता कळलं.

रुहीने सकाळी मला समोर बसवून सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. प्रथमेशने लेख कालच काढून टाकला, पण त्याच्या टीममधल्या त्या माणसाने तो आपल्या लोकांच्या ग्रुपवर टाकला होता. त्याचाही हेतू चांगलाच होता. वर लिहिलं होतं, आपल्या पोरांबद्दल अखेर कोणीतरी विचारतंय. तिथून तो आमच्या इथल्या रॅले शहरापुरता राहिला नाही. काल दुपारी रुहीच्या तिथल्या सहकाऱ्याला तो फोटो बाजारातल्या एका टेलरने दाखवला.

"नाव नव्हतं गं त्यात," मी म्हणालो.

"बाबा, चेहरा होता. आणि तू लिहिलंस की तिने पाहिलंय. लिहिलंस की ती सांगणार आहे." मग म्हणाली, "त्या यादीवाल्या माणसाकडे पण फोन आहे."

  फोर्टीन म्हणजे त्या बाई. चौदा नंबरच्या साक्षीदार.

७ ऑक्टोबर, मंगळवार

रुही तीन दिवस जेवायच्या टेबलाशी. लॅपटॉप, दोन फोन. शांतिसेनेच्या मिशनची गाडी बाईंच्या गावाकडे निघाली ती नदीवर अडकली, तिथला पूल लढाईत पडलाय, तराफा बंद. मी नकाशा बघून म्हटलं, वरच्या अंगाने नदीला उतार असेल. तिने मान हलवली. तिथे सुरुंग आहेत.

शेवटी तिचा सहकारी मोटरसायकलवर पोचला. तर बाई निघायला तयार नाहीत. घर सोडलं आणि पोरं परत आली तर त्यांना कोण दिसणार, म्हणतात. पोरं परत येणार नाहीत हे त्यांना माहीत आहे, रुही म्हणते. तरी म्हणतात.

नरेंद्रचा फोन आला. "अरे, काढून टाकलंय ना आता? मग झालं. एवढं काय?" मी त्याच्यावर इतका ओरडलो की शैलजा धावत आली. मग फोन ठेवून मीच रडलो. नरेंद्रने काय केलं होतं? मी दिलं ते छापलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

बाई निघाल्या. एक गाठोडं घेऊन. मोटरसायकलवर मागे बसून.

११ ऑक्टोबर, शनिवार

बाई सरहद्दीपलीकडे बहिणीच्या गावी पोचल्या. जिवंत आहेत. हे आधी लिहितो, कारण चार दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्यांच्या घराचे पत्रे नेले, दार नेलं. शेंगांचा वेल मुळापासून उपटलाय म्हणे. तो कोणाला कशाला हवा होता?

आणि त्यांनी जबानी मागे घेतली. 'मी कोणाला काही सांगितलेलं नाही, मी काही पाहिलं नाही, त्या दिवशी मी गावात नव्हते' असं सहकाऱ्याकडून लिहून घेतलं आणि अंगठा दिला. ऐन नोव्हेंबरमध्ये आयोगापुढे मांडायला आता कोणी नाही. बाकीच्या अकरा पोरांच्या घरच्यांनाही तसं कळवायचंय. त्या माणसाचा शपथविधी ठरल्या दिवशी होईल.

रुही हे सांगताना एकदा थांबली आणि म्हणाली, "आठ महिन्यांचं काम, बाबा." मग कपबशा विसळायला उठली. मी म्हटलं, राहू दे, मी करतो. ऐकलं नाही.

शैलजा माझं ताट वाढते, औषधाची डबी पुढे सरकवते. बोलत नाही. पंचेचाळीस वर्षांत भांडणं पुष्कळ झाली, पण अशी शांत ती कधी नव्हती. मला भीती वाटते.

प्रथमेश येऊन गेला. दारातच उभा राहिला, म्हणाला, "काका, मी विचारायला हवं होतं." पोराला काय सांगू? म्हटलं, विचारायला मी हवं होतं. त्याला शैलजाने आत बोलावून चहा दिला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

रुहीची रजा उद्या संपत होती. तिला परत येऊ नकोस म्हणून कळवलंय. चौकशी होईल. फोटो जवळ ठेवला ही तिची चूक, ती चूक घरच्या अल्बमापर्यंत पोचली कशी, आणि तिथून पुढे कशी, हे सगळं लिहून द्यायचंय. तिची नोकरी जाईल, निदान हे काम तरी.

मी तिला म्हटलं, "लिही की मी तुझा फोन न विचारता उघडला. झोपली होतीस. चोरला म्हण. मी सत्तरीचा म्हातारा, मला कोण काय करणार आहे? कोणी विचारायला आलं तर मी तेच सांगेन."

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "मला रोज कोणीतरी हेच म्हणतं. मुलासाठी खोटं सांगतो म्हणून. डोन्ट, प्लीज."

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज माझी जबानी झाली. रुहीनेच घेतली. चौकशीला घरच्या माणसाचं म्हणणं लेखी हवंय, ते दुसऱ्या कोणाकडूनही घेता आलं असतं. तिने वरिष्ठांना विचारलं, ते म्हणाले, मसुदा तू कर, आम्ही फोन करून पडताळू. मला वाटतं तिला ते स्वतःच करायचं होतं.

सकाळी दहाला टेबल पुसून घेतलं. ती माझ्या समोर बसली नाही, काटकोनात बसली, म्हणजे मला हवं तेव्हा तिच्याकडे बघता यावं आणि नको तेव्हा खिडकीकडे. पाण्याचा ग्लास ठेवला. मग म्हणाली, "मी तुम्हाला काही प्रश्न विचारणार आहे. तुम्हाला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. कधीही थांबू शकता."

मला तुम्ही म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. मराठी तिची अर्धी इंग्रजी, पण ही वाक्यं तिने आईकडून नीट बसवून घेतली असावीत. शैलजा आत ओट्याशी उभी होती, नळ बंद करून.

तिने घाई केली नाही. मी गप्प झालो की तीही गप्प. मी भरकटलो, मंडळाचं, नरेंद्रचं सांगत बसलो, तरी तिने तोडलं नाही, फक्त मग विचारलं, "आणि त्यानंतर काय झालं?" असं कोणी माझं ऐकल्याचं मला आठवत नाही. तिथे लोक का बोलतात ते मला कळलं. मीही बोलत गेलो.

"फोटो जवळ असायला नको होता, असं मुलगी म्हणाली. तुम्ही ते ऐकलं होतं का?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. अजूनही. कढई वाजत होती म्हटलं असतं.

"ऐकलं होतं," मी म्हणालो.

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"वाटलं, यांचे नियम असेच असतात."

लिहिलं. मान वर केली नाही.

"लेख का लिहिला?"

सांगितलं. लोक अच्छा म्हणायचे ते. भेळेकडे वळायचे ते. पंधरा वर्षांचं सांगितलं. हे मी शैलजालाही कधी असं सांगितलेलं नाही. म्हणालो, ती कोणाची मुलगी आहे ते लोकांना कळावं असं मला वाटलं. त्या बाईंकडे मी बघितलंच नाही. फोटो इतके दिवस बघितला, पण मी बघत होतो ते माझ्या मुलीला.

रुहीचं पेन थांबलं, मग परत चाललं. डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले, आणि लिहीत राहिली. मी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. तिने मान हलवली, तो माझ्यासाठी होता.

सगळं मला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी मी दुरुस्ती सांगितली, तिने केली. मग म्हणाली, "शेवटचा प्रश्न. हा आम्ही सगळ्यांना विचारतो. यातून काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?"

 माझ्या मुलीची नोकरी राहावी, असं तोंडात आलं होतं. म्हणालो, "त्या बाईंना आपल्या घरी परत जाता यावं."

तिने तसंच लिहून घेतलं. "हे होईल असं मी प्रॉमिस करू शकत नाही."

"माहीत आहे गं मला."

"मला म्हणावं लागतं. प्रत्येकाला."

नंतर मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. म्हटलं, हा प्रश्न तू त्यांनाही विचारला असशील. त्या काय म्हणाल्या?

रुहीने पेनाचं टोपण लावलं. आत शैलजाही ऐकत होती.

"मला वाटलं होतं मुलं मागतील," ती म्हणाली. "नाहीतर त्या माणसाला शिक्षा. सगळे तेच मागतात. तिने दोन्ही मागितलं नाही. म्हणाली, मी बोलले हे कोणाला कळू देऊ नकोस. एवढंच. आणि मी म्हटलं, हे मी प्रॉमिस करते."

कागद माझ्याकडे फिरवला. मी सही केली. तारीख घालायची राहिली, ती तिने घातली.